राहिलेली मूठमाती

शिरूर
१२ फेब्रुवारी १९७३

एस्तेर हिस,

प्रभूच्या नावे सलाम.

तुझ्या आईला जाऊन परवा तीन महिने झाले. तिच्या ट्रंकेचा निकाल लावायचा आहे, म्हणून लिहितो. ट्रंकेत चार लुगडी, एक लोकरीची शाल, तुझ्या बाप्तिस्म्याचा झगा आणि चष्म्याचं रिकामं घर एवढं निघालं. लुगडी तुला द्यायची असं ती बोलून गेली होती. मी कोणाचं दडवून ठेवणारा माणूस नाही. मात्र ती पोस्टानं पाठवणार नाही. येऊन न्यावीत.

आणि येशीलच तर महिन्याच्या पहिल्या रविवारी ये, त्या दिवशी प्रभुभोजन असतं. पद्धत तुला माहीत आहे, तरी लिहितो, कारण लग्न झालं की माणसं पुष्कळ विसरतात. उपदेश संपला की पुढे यायचं. व्यासपीठाच्या खालच्या पायरीवर मंडळीकडे तोंड करून उभं राहायचं आणि ‘माझी चूक झाली’ एवढंच म्हणायचं. कारणं सांगायची नाहीत, रडायचं तर मुळीच नाही. पाळकसाहेब मंडळीला विचारतील, ‘क्षमा करता का?’ लोक उभे राहतील. मग भाकरीचं ताट तुझ्यापर्यंत येईल. साडेतीन वर्षांपूर्वी पंच या नात्यानं मी तुझं नाव वाचून तुला मंडळीबाहेर ठेवलं, ते त्याच दिवशी पुसलं जाईल. तुझा नवरा बौद्ध आहे, तो बौद्ध राहो. त्याला कोणी पायरीवर बोलावलेलं नाही.

कबरस्तानात त्या दिवशी जे झालं ते नियमाला धरून झालं. त्यावर मला अधिक लिहायचं नाही.

माझी प्रकृती उत्तम आहे.

रखमाजी मास्तर


शिरूर
९ जुलै १९७३

एस्तेर हिस सलाम.

उत्तर आलं नाही. पण माझं पत्र परतही आलं नाही. लग्नानंतर तू पाठवलेलं एकुलतं एक पत्र मी न फोडता परत केलं होतं. तू तसं केलं नाहीस, म्हणजे तुला वळण चांगलं लागलेलं आहे. कोणी लावलं ते मी सांगत नाही.

इथे सगळं ठीक आहे. यंदा घोडनदीला पाणी आहे. स्वयंपाक मीच करतो. भूगोल शिकवल्याचा परिणाम असेल, माझी भाकरी तव्यावर गेली की कोणत्या ना कोणत्या खंडाचा आकार घेते. काल आफ्रिका खाल्ली. शेजारच्या अनसाबाई कोरड्यास आणून देतात आणि दारातच उभ्या राहून मी पहिला घास घेईपर्यंत हलत नाहीत. मी जेवतो की नाही यावर मंडळीनं त्यांना पहारेकरी नेमलं असावं.

प्रभुभोजनाच्या चपात्याही आता अनसाबाईच करतात. जाड होतात. तुझ्या आईच्या हातची चपाती उजेडापुढे धरली तर पलीकडचं दिसे. दर महिन्याला आदल्या शनिवारी ती लाटायची, भाजायची, सुरीनं चौकोनी तुकडे पाडून पांढऱ्या फडक्यात बांधून ठेवायची. तुला ते तुकडे चोरायची सवय होती. मला ठाऊक होतं.

आता जे लिहितो ते मी कोणालाच सांगितलेलं नाही. ताट फिरवायचं काम माझ्याकडे, आणि बायकांच्या बाजूला तिसऱ्या रांगेत तुझी आई. तुझं नाव वाचल्यानंतरच्या पहिल्याच प्रभुभोजनाला तिनं ताट दोन्ही हातांनी घेतलं आणि तुकडा न उचलता शेजारणीकडे दिलं. मला वाटलं, बरं नसेल. पुढच्या महिन्यात तेच. त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. घरी विचारलं तर चुलीपुढून न उठता म्हणाली, “पोरीच्या हातात ताट यील तवा मी घेईन. तुमी फिरवा की. तुमचं काम हाय ते.”

तीन वर्षं दर महिन्याला मी तिच्यापुढे ताट धरलं. स्वतःच्या हातानं केलेल्या भाकरीचा एक तुकडा तिनं तोंडात घातला नाही. पंच म्हणून मी हे मंडळीला कळवायला हवं होतं. कळवलं नाही. शेवटच्या दिवशी पाळकसाहेब ताट घेऊन घरी आले, तेव्हा तिनं भिंतीकडे तोंड केलं.

पस्तीस वर्षं मी मुलांना न्यायाच्या दिवसाबद्दल शिकवलं. तारलेले उजवीकडे, टाकलेले डावीकडे, मला तोंडपाठ आहे. तुझी आई कुठे उभी राहील एवढं मात्र मला सांगता येत नाही. रात्री दिवा घालवला की हाच प्रश्न असतो. विचारायचं म्हटलं तर घरात दुसरं कोणी नाही.

लुगड्यांना डांबरगोळ्या घातल्या आहेत.

रखमाजी मास्तर


शिरूर
२२ ऑक्टोबर १९७३

एस्तेर हिस सलाम.

मागच्या मंगळवारी पेन्शनच्या कागदांसाठी दौंडला येणं झालं. न्हावरा, चौफुला करत आलो. वरवंडला गाडी बंद पडली, तिथे दीड तास गेला. त्यामुळे तुमच्याकडे यायला वेळ उरला नाही. शिवाय तुमचे क्वार्टर्स कोणत्या बाजूला आहेत हेही मला माहीत नव्हतं.

स्टेशनवर चहा घेतला. त्याला कोळशाचा वास येतो. एवढ्या इंजिनांच्या धुरात माणसं वाळत टाकलेले कपडे पांढरे कसे ठेवतात, देव जाणे.

तू डबा डाव्या हातात धरून चालतेस असं कळलं. तसा धरू नये. खांदा उतरतो. तुझ्या आईचाही तोच खांदा उतरला होता.

कळावे.

रखमाजी मास्तर


शिरूर
१४ मे १९७४

एस्तेर,

सलाम. रेल्वेच्या संपाच्या बातम्या वाचतो आहे. क्वार्टर्समधून लोकांना उचलून नेतात, घरं रिकामी करायला लावतात, असं पेपरात येतं. एस.टी. स्टँडवर दौंडची गाडी आली की मी उतरणाऱ्यांना विचारतो. कोणी काही सांगतं, कोणी काही. एक जण म्हणाला, “लोको शेडमधली लई माणसं आत घेतली, मास्तर. नावं कुनाला ठावं?”

चांगदेव शेडमध्येच फिटर आहे ना? त्याचं नाव या घरातल्या कागदावर पहिल्यांदाच उमटलं. लिहिताना हात अडखळला, पण लिहून झाल्यावर काही विशेष झालं नाही. त्याचा आजा वडगाव रासाईचा, माझा आजा इथला. दोघेही वेशीबाहेरचेच. माझ्या आज्यानं एक वाट धरली, त्याच्या बापानं दुसरी. आणि मी असा वागलो की जणू आमच्या घरी जन्मापासून पाण्याचा नळ होता.

दोघं इकडे या. घर रिकामंच आहे. पायरीबियरीचं नंतर पाहू.

आता खरं सांगतो. मी पेन्शनच्या कामाला आलोच नव्हतो. पेन्शनचं काम शिरूरातच होतं. मी स्टेशनच्या बाकावर दुपारी दीड तास बसलो होतो. तू पुलावरून उतरलीस, डाव्या हातात डबा, डोक्यावर पदर. पुलाच्या शेवटच्या पायरीवर जरा थांबलीस, दम घेतलास. हाक मारली असती तर ऐकू गेली असती, इतकं अंतर होतं. गुडघ्यानं दगा दिला असं लिहिणार होतो. पण त्या दिवशी गुडघा चांगला होता.

घर सोडून गेलेल्या पोराला बाप लांबून पाहतो आणि म्हातारपण विसरून धावत सुटतो, हा दाखला मी पस्तीस वर्षं शिकवला. मुलं नेहमी विचारायची, ‘मास्तर, बाप का धावला? पोरगा तर येतच होता की!’ मी म्हणायचो, गप बसा आणि पाठ करा. मलाही लांबून पाहण्यापर्यंतच जमलं.

दोन ओळी टाक. तो आत आहे की बाहेर, एवढं तरी.

रखमाजी


शिरूर
३ डिसेंबर १९७४

एस्तेर, सलाम.

जूनमध्ये चांगदेवचं पोस्टकार्ड आलं होतं. ‘मास्तर, कामावर परत घेतलं. ती बरी आहे. काळजी नसावी. जय भीम.’ अक्षर सरळ आहे, रेघ सोडत नाही. ते कार्ड मी पवित्र शास्त्राच्या पुस्तकात ठेवलं आहे. अनसाबाईंना दिसलं तर त्या काय म्हणतील, म्हणून आधी उशीखाली ठेवलं होतं. मग वाटलं, म्हणू दे. त्याला उत्तर लिहायला मला सहा महिने लागले, आणि तेही त्याला न लिहिता तुलाच लिहितो आहे, यावरून माझं काय ते ओळख.

गेल्या महिन्यात तुझ्या आईला दोन वर्षं झाली. कबरस्तानात एकटाच गेलो होतो. येताना पाळकसाहेबांच्या दारात बसलो आणि त्यांना सरळ विचारलं, “मंडळीबाहेर ठेवलेल्या माणसानं माती देऊ नये, असा नियम कुठल्या कलमात आहे?”

ते म्हणाले, “मास्तर, ते नियमांचं पुस्तक तुम्हीच लिहून काढलंय. कलमं तुम्हांला पाठ आहेत.”

“असं कलम नाही,” मी म्हणालो.

“नाही,” ते म्हणाले. “मला त्या दिवशीही माहीत होतं.”

तर एस्तेर, असा नियम नव्हता. कधीच नव्हता. तो मी तिथल्या तिथं, तुझं मनगट धरता धरता केला.

मला तो दिवस तासातासानं आठवतो. दुष्काळाचं साल. जमीन अशी झाली होती की खड्ड्याला दोन पहारी आणि चार माणसं लागली. माती सुटी निघालीच नाही, ढेकळंच निघाली. पेटीवर पडताना एकेक वाजत होतं. तू आलीस तेव्हा लोकांनी आपणहून वाट दिली. तू वाकलीस, एक ढेकूळ उचललंस, आणि मी मध्ये आलो. “मंडळीतल्यांनीच माती द्यायची.” माझा वर्गातला आवाज होता तो. तू माझ्या हाताकडे पाहिलंस. मग चांगदेवनं तुझा दंड धरला आणि तुम्ही गेलात. तुझी मूठ मिटलेलीच होती.

असं का केलं, हे मी दोन वर्षं स्वतःलाही सांगत नव्हतो. तुझ्यापायी तुझ्या आईनं तीन वर्षं माझ्या हातचं काही घेतलं नाही. म्हणून तुझ्या हातचं मी तिला घेऊ दिलं नाही. एवढंच. यात धर्म कुठेच नाही. मी चिडलेलो होतो, आणि जिच्यावर चिडलो होतो ती पेटीत होती.

भाकरी आता गोल होते. ती खायला माणूस मात्र एकच आहे.

आबा


शिरूर
२४ मार्च १९७५

पोरी, सलाम.

काल ईस्टरच्या आधीचा झावळ्यांचा रविवार होता. उपदेश संपला, पाळकसाहेबांनी गीताचा आकडा सांगितला, आणि मी उठून पायरीवर जाऊन उभा राहिलो. मंडळीकडे तोंड करून. लोकांना वाटलं, मास्तर कोणाचं तरी नाव वाचणार. तिसऱ्या रांगेतल्या बाया पदर सावरून ताठ बसल्या. माझ्याबद्दल लोकांचं काय मत आहे ते मला काल त्या पायरीवरून नीट दिसलं.

मी म्हणालो, “माझी चूक झाली.” कारणं सांगायची नाहीत ही पद्धत. मी ती मोडली. सगळं सांगितलं. ताटाचं सांगितलं. तुझ्या मनगटाचं सांगितलं. असा नियम नव्हता, तो मी बनवला, हेही सांगितलं.

पंचानं पायरीवर उभं राहिल्यावर पुढे काय करायचं, हे कोणालाच माहीत नव्हतं. शेवटी अनसाबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, “मास्तर, आमाला तवाच ठावं व्हतं. आसा नेम न्हाई म्हून.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुमाला भ्यालो.”

मंडळीत कोणीतरी हसलं. मग मीही हसलो, आणि हसता हसता जे होऊ नये तेच झालं. रडायचं मुळीच नाही, असं मी तुला लिहिलं होतं. ते कलम रद्द समज.

पाळकसाहेबांनी विचारलं, “क्षमा करता का?” सगळे उभे राहिले. अनसाबाई तर आधीच उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि मला वाटलं, या भल्या माणसांनी क्षमा केली खरी, पण मनगट यांचं कुठे धरलं होतं? नंतर पाळकसाहेबांना तसं बोललो. ते म्हणाले, “देवानं केली ना?” देवानं केली असेल. त्याचा स्वभावच तो. तुझा स्वभाव माझ्यावर गेला आहे, ही माझी भीती आहे.

पंचपद मी सोडलं. येत्या गुरुवारी संध्याकाळी, गुड फ्रायडेच्या आदल्या दिवसाचं, प्रभुभोजन आहे. ताट दुसरं कोणी फिरवील, मी रांगेत बसेन. घ्यावं की न घ्यावं, ठरत नाही. मी लायक नाही असं पाळकसाहेबांना सांगितलं तर म्हणाले, “मास्तर, ते ताट लायक माणसांसाठी असतं तर आजवर कपाटातनं बाहेर काढायची पाळीच आली नसती.” माणूस तरुण आहे, पण बोलतो बरं.

आता विनंती. पुढच्या रविवारी पुनरुत्थानाचा सण. पहाटे सगळी मंडळी कबरस्तानात जमते. तुझ्या आईच्या कबरेला मी शनिवारी चुना देणार आहे. तू ये आणि तुझी राहिलेली मूठमाती दे. पायरी नाही, कबुली नाही. तुझ्याकडून मला काहीही म्हणवून घ्यायचं नाही. मी समोर नको असेन तर फाटकाबाहेर थांबेन. माझ्याशी बोललीच पाहिजे असंही नाही.

मी सदुसष्ट वर्षांचा झालो. प्रकृती उत्तम आहे असं लिहीत आलो, तेही फारसं खरं नव्हतं.

तुझा
आबा


दौंड
२ एप्रिल १९७५

आबा,

सलाम. तुमची सहाही पत्रं मिळाली. सगळी ठेवलेली आहेत. पहिली दोन हे वाचून दाखवायचे, कारण मी हात लावत नव्हते. पुढची मी वाचली.

पायरीवर मी कधीच उभी राहणार नाही. मी काही चूक केली असं मला वाटत नाही, आणि चारचौघांत खोटं बोलायला तुम्हीच शिकवलं नाही. मंडळीला तसं सांगा.

आईच्या ताटाचं मला माहीत नव्हतं. ती वर्षातून दोनदा इथे यायची. तुम्हांला वरवंडला मावशीकडे जाते म्हणून सांगायची. मी एकदा तिला विचारलं होतं, चर्चमध्ये माझ्याविना कसं वाटतं. तर म्हणाली, “तुज्या वाट्याचा तुकडाबी मीच खाती गं, तू नगं काळजी करू.” मी इतकी वर्षं तेच धरून बसले होते. तुमचं ते पत्र वाचून दाखवलं त्या दिवशी आमच्याकडे चूल पेटली नाही.

आई कुठे उभी राहील, असं तुम्ही विचारलंत. मला तर वाटतं, तिला कोणी उजवीकडे बोलावलं तरी आपली माणसं आल्याशिवाय ती जायची नाही. दाराशीच बसली असेल.

स्टेशनवर तुम्ही बाकावर बसला होतात ते मला तेव्हाच दिसलं होतं. तुमची टोपी लांबूनही कळते. पुलाच्या पायरीवर मी दम घ्यायला थांबले नव्हते. तुम्ही उठता का, ते पाहत होते.

शनिवारी मी आले होते. दुपारच्या गाडीनं. तुम्ही कबरेला चुना देत होतात. फाटकाजवळच्या बाभळीमागे मी उभी होते. तुमचं धोतर चुन्यात भिजत होतं आणि तुम्हांला पत्ता नव्हता. गुडघा धरून उठलात, आईशी काहीतरी बोललात, बादली घेऊन गेलात. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. तुम्ही मला एकदा जाऊ दिलंत, मी तुम्हांला एकदा जाऊ दिलं. फिट्टंफाट झाली.

त्या दिवशी माझ्या मुठीत ढेकूळ तसंच राहिलं होतं. दौंड येईपर्यंत मी मूठ उघडली नाही. घरी आल्यावर हळदीच्या जुन्या डब्यात ठेवलं. दुष्काळातली माती, फार घट्ट. शनिवारी तुम्ही गेल्यावर डबा उघडला, दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा कुठे मोडलं. अर्धं आईला दिलं. ओल्या चुन्यावर पडलं, पांढऱ्यात काळा डाग पडला आहे, तो पुसू नका.

लुगडी पोस्टानं नकोत. येऊन द्यावीत. पूल उतरलात की उजव्या हाताची तिसरी ओळ, दारात तुळस नाही, पण पेरूचं झाड आहे. हे म्हणतात, मास्तर येणार असतील तर मी रजा टाकतो. गुरुवारी तुम्ही ताटातलं घेतलंत की नाही ते कळवलं नाहीत. घेतलं नसेल तर घ्या. आईच्या, माझ्या आणि तुमच्या, तिघांच्या वाट्याचं राहिलं आहे.

उरलेलं अर्धं ढेकूळ मी परत आणून डब्यात ठेवलं आहे. ते तुमचं. तुमच्या वेळी मी येणार आहे, आणि माझा हात धरायला त्या दिवशी कोणी नसेल.

घाई मात्र करू नका, आबा.

एस्तेर